पंक्तिप्रपंच : करिंथच्या मंडळीचं एक प्रकरण

एका घरात काही माणसं जेवायला जमली. त्यातली काही पिऊन तर्र झाली आणि काही उपाशी राहिली. इ.स. ५४च्या आसपासची ही गोष्ट. असं जगात दर संध्याकाळी कुठे ना कुठे घडत आलंय आणि त्याची नोंद कोणी ठेवत नाही. याची राहिली, कारण ती माणसं ख्रिस्ती होती आणि येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून त्या जेवणाला ‘प्रभुभोजन’ म्हणत होती. ज्यानं करिंथची ती मंडळी, म्हणजे तिथला ख्रिस्ती समुदाय, उभी केली त्या प्रेषित पौलाच्या कानावर हे इफिस शहरात गेलं आणि त्यानं कळवलं की तुम्ही जे जेवता ते प्रभुभोजन नव्हेच.

बायबलमध्ये, पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, १७ ते ३४ या अठरा वचनांत हे प्रकरण आहे. स्थानिक मंडळी म्हणजे काय आणि ती कशासाठी असते, यावर धर्मशास्त्रात ढीगभर लिहिलं गेलंय. मला ते या अठरा वचनांतून जास्त कळतं, कारण इथे मंडळी बिघडलेली दिसते. चालू घड्याळ कोणी उघडून बघत नाही.

शहर आणि माणसं

जुनं ग्रीक करिंथ रोमन सेनापती मुम्मियसनं इ.स.पू. १४६ मध्ये धुळीला मिळवलं. पुढची शंभर वर्षं तिथे फारसं काही नव्हतं. इ.स.पू. ४४ मध्ये जुलियस सीझरनं ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवलं आणि तिथे पाठवलेल्यांत गुलामीतून सुटलेल्या लोकांचा मोठा भरणा होता. दोन समुद्रांमधल्या चिंचोळ्या पट्टीवरचं शहर, पश्चिमेच्या समुद्राकडे लेखायन बंदर, पूर्वेच्या समुद्राकडे किंख्रिया. माल इकडून तिकडे जायचा आणि पैसा मधे राहायचा. पिढ्यान्‌पिढ्यांचं नावाजलेलं घराणं सहसा कोणाचं नव्हतं. त्यामुळे मान कमवायचा तो पैशातून, दगडात कोरलेल्या दानांतून आणि कोण कोणाच्या घरी जेवायला कुठे बसला यातून. १९२९ मध्ये तिथे उत्खननात एक लेख सापडला. एरास्त नावाच्या माणसानं नगराचं पद मिळाल्याबद्दल स्वखर्चानं फरसबंदी करून दिली, एवढाच त्याचा मजकूर. रोमकरांस पत्राच्या शेवटी ‘नगराचा खजिनदार एरास्त’ येतो. तो हाच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण ‘स्वखर्चानं’ हा शब्द दगडात कोरून ठेवण्यात करिंथचा स्वभाव कळतो.

पौल इथे ५०च्या सुमाराला आला. रोममधून क्लौद्य कैसरानं यहुद्यांना घालवलं तेव्हा अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं इकडे आलं होतं. ते तंबू करणारे, पौलाचाही धंदा तोच, म्हणून तो त्यांच्याकडे राहिला. मुक्काम दीड वर्षाचा झाला. या काळात त्याला प्रांताधिपती गल्लियोसमोर उभं केलं गेलं. डेल्फीला सापडलेल्या शिलालेखामुळे गल्लियोची कारकीर्द ५१-५२च्या आसपास बसवता येते. पौलाच्या आयुष्याच्या बाकीच्या तारखा याच एका खुंटीला टांगलेल्या आहेत.

मंडळीत कोण होतं? यहुद्यांच्या सभास्थानाचा, म्हणजे प्रार्थनागृहाचा, अधिकारी क्रिस्प होता. सभास्थानाला लागूनच घर असलेला तीत युस्त होता. करिंथ ज्यात येतं त्या अखया प्रांतात सगळ्यांत आधी विश्वास ठेवणारं स्तेफनाचं घराणं होतं. गायस होता. आणि नावं न आलेले पुष्कळ होते, त्यांत गुलामही. पौल त्यांना स्पष्टच लिहितो की तुमच्यात फारसे ज्ञानी नाहीत, फारसे वजनदार नाहीत, फारसे कुलीन नाहीत. आता ‘फारसे नाहीत’ म्हणजे काही होते. आणि त्या काहींकडेच सगळ्यांना बसवता येईल एवढं घर होतं. गेर्ड थाइसेन या जर्मन अभ्यासकानं हा धागा पकडून करिंथच्या भांडणांचा माग काढला. आता करिंथचा अभ्यास त्याला टाळून करता येत नाही.

इथे शब्दाबद्दल थोडं. पौल ज्याला ‘एक्लेसिया’ म्हणतो, तो मुळात धर्माचा शब्दच नव्हे. ग्रीक नगरांत नागरिकांची जी सभा भरे, तिचं हे नाव. तिच्यात गुलामाला जागा नव्हती, बाईलाही नव्हती. तेच नाव घेऊन एका घरात गुलाम, बाया, सावकार, कारागीर असे सगळे बसत होते. मराठी बायबलनं त्याला ‘मंडळी’ म्हटलं, ते मला फार नेमकं वाटतं. ‘मंडळी जमली’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर इमारत येत नाही.

घराचा नकाशा

करिंथमधल्या मंडळीची संख्या ४० ते ५०च्या घरात असावी, असा अंदाज डॉमिनिकन या कॅथलिक संघातले अभ्यासक जेरोम मर्फी-ओ’कॉनर यांनी बांधला. त्यासाठी त्यांनी करिंथच्या अनाप्लोगा भागात सापडलेल्या एका सुखवस्तू घराचं माप घेतलं. आतली जेवणाची खोली साधारण ५.५ बाय ७.५ मीटर, बाहेरचा चौक ५ बाय ६ मीटर. जेवणाच्या खोलीत तीन बाजूंना लोड-गाद्यांची आसनं, त्यांवर आडवं होऊन जेवायची पद्धत, आणि बैठकीचा आकडा ठरलेला : ९. बाकीचे तीस-चाळीस जण चौकात, तेही दाटीवाटीनं, बसून किंवा उभं राहून.

म्हणजे घरात पाऊल टाकलं की लगेच प्रश्न उभा राहतो : आत कोण आणि बाहेर कोण? तो कोणी मुद्दाम विचारावा लागत नाही, भिंतीच विचारतात. यजमान आपल्या बरोबरीच्यांना आत बोलावणार, हे ओघानंच आलं.

या मांडणीवर आक्षेपही आहेत. अनाप्लोगाच्या घराचा काळ नेमका पौलाचा आहे का, इथपासून शंका घेतली गेली. डेव्हिड हॉरेल यांनी दाखवून दिलं की मंडळी अशा घरातच जमत होती असं धरायचं काही कारण नाही. करिंथच्या नाट्यगृहाजवळच्या साध्या इमारतींत, दुकानांच्या वरच्या मजल्यांवरही ती जमू शकत होती. मला हा आक्षेप पटतो. पण त्यानं प्रकरण पातळ होत नाही. माडीवरच्या एका खोलीतही कोणी आधी येतं, कोणी उशिरा, आणि टोपली कोणाच्या हाताशी आहे यावर बरंच ठरतं.

वेळेचा मुद्दा लोक विसरतात. आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे आपला रविवार, तेव्हा सुट्टीचा नव्हता. ती सुट्टी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं ३२१ मध्ये दिली. त्याआधी जवळजवळ पावणेतीनशे वर्षं मंडळी कामाच्या दिवशीच जमत होती. बंदरावर ओझी वाहणारा हमाल किंवा दुसऱ्याच्या घरात राबणारी दासी धन्याचं काम आटोपल्याशिवाय निघू शकत नव्हती. ज्याला कामाची घाई नाही, तो दिवस मावळायच्या आत येऊन बसलेला असणार.

यजमानाची बाजू

या प्रकरणात यजमानाला खलनायक करणं सोपं आहे आणि बहुतेक प्रवचनांत तसं होतं. त्याची बाजू ऐकली पाहिजे. त्यानं घर उघडलं. रस्त्यावरच्या कोणालाही आत घेतलं, शेजाऱ्यांच्या नजरा झेलल्या. भाकर, द्राक्षारस यांचा मोठा वाटाही बहुधा त्याचाच. आणि पाहुण्यांना दर्जाप्रमाणे वाढणं हा तेव्हाचा शिष्टाचार होता, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. रोमन कवी मार्शल यजमानाला टोमणा मारतो की तू कालवं खातोस आणि मी शिंपलं चोखत तोंड कापून घेतो, एकाच ताटावर बसून आपण वेगवेगळं का जेवतो? रोमन लेखक धाकटा प्लिनी एका पत्रात सांगतो की एका यजमानानं द्राक्षारसाच्या तीन प्रती ठेवल्या होत्या. एक स्वतःला आणि खास पाहुण्यांना, दुसरी कमी प्रतीच्या मित्रांना, तिसरी गुलामीतून सुटलेल्यांना. प्लिनीला ते आवडलं नाही. पण त्याला हे पत्रात मुद्दाम लिहावंसं वाटलं, यावरूनच कळतं की ही पद्धत किती रुळलेली होती.

मराठीत याला एकच शब्द पुरतो : पंक्तिप्रपंच. आणि पंक्तिप्रपंच करणाऱ्याला आपण पंक्तिप्रपंच करतोय असं सहसा वाटत नाही. आपण रीत पाळतोय असंच वाटतं.

याला कदाचित धान्यटंचाईचीही जोड होती. डिनिप्पस नावाच्या श्रीमंत करिंथकराकडे धान्यपुरवठ्याची जबाबदारी होती, असं सांगणारे बरेच शिलालेख तिथे सापडलेत, आणि असा अधिकारी टंचाईतच नेमला जाई. पौल सातव्या अध्यायात ‘सध्याच्या अडचणी’चा उल्लेख करतो. ब्रूस विंटर हे अभ्यासक या दोन गोष्टी एकत्र जोडतात. जोड बरोबर असेल, तर चौकातल्या माणसाची भूक म्हणजे नुसता मानपानाचा प्रश्न राहत नाही.

नेमकं काय चुकत होतं

सगळं एका क्रियापदावर अडलंय. एकविसाव्या वचनात पौल म्हणतो की प्रत्येक जण आपापलं जेवण ‘प्रोलाम्बानेइ’. याचा एक अर्थ ‘आधीच घेतो’. तो धरला तर तक्रार वेळेची : लवकर आलेले उशिरा येणाऱ्यांसाठी थांबत नाहीत. दुसरा अर्थ नुसता ‘घेतो, फस्त करतो’. तो धरला तर सगळे एकाच वेळी हजर आहेत, पण ज्यानं जे आणलं ते तो स्वतःच खातोय, आणि ज्यानं काही आणलं नाही तो बघत बसलाय. पुढे तेहतिसाव्या वचनातलं ‘एकदेखेस्थे’ हे असंच दुहेरी आहे : ‘एकमेकांसाठी थांबा’ किंवा ‘एकमेकांचं आगतस्वागत करा’.

मराठी भाषांतर ‘वाट पाहा’कडे झुकतं, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न वक्तशीरपणाचा होऊन बसतो. मला दुसरं वाचन जास्त जड वाटतं. उशिरा येणाऱ्यासाठी थांबणं एक वेळ जमेल. समोर बसलेल्या उपाशी माणसासमोर स्वतःची टोपली उघडून खाणं, आणि आधी प्रार्थना करून खाणं, हे कसं जमत असेल? पण जमत होतं. पौलाच्या शब्दांत, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना ते लाजवत होते.

आणखी एक बारकावा. पौलानं सांगितलेल्या परंपरेत येशूनं भाकर जेवणाच्या ओघात मोडली, प्याला मात्र ‘जेवण झाल्यावर’ घेतला. करिंथमध्येही हाच क्रम असेल तर भाकर आणि प्याला यांच्यामध्ये एक पुरं जेवण होतं. विधी आणि जेवण वेगळे नव्हतेच. म्हणून जेवणातला भेदभाव हा विधीच्या बाहेरचा, घरगुती मामला आहे असं म्हणायला जागाच नव्हती.

पत्रात नसलेली तक्रार

या प्रकरणातली मला सगळ्यांत बोलकी वाटलेली गोष्ट पत्राच्या बांधणीत दडलेली आहे. करिंथच्या मंडळीनं पौलाला स्वतः एक पत्र पाठवलं होतं. सातव्या अध्यायापासून तो ‘तुम्ही लिहिलंत त्याविषयी’ असं म्हणून मुद्द्याला हात घालतो, आणि पुढे ‘त्याविषयी’च्याच सुरात एकेक विषय घेतो : लग्न, कुमारिका, मूर्तींना वाहिलेलं मांस, आत्मिक दानं, यरुशलेमसाठीची वर्गणी. जेवणाचा विषय मात्र या सुरात येत नाही. तिथे तो म्हणतो, ‘मी असं ऐकतो’, आणि जोडतो की त्यातलं काही मला खरंही वाटतं.

म्हणजे ज्यांना लिहिता येत होतं आणि मंडळीच्या वतीनं लिहायचा मान होता, त्यांनी हे लिहिलंच नाही. लपवलं असेल असं मला वाटत नाही, त्यांना ते प्रश्न म्हणून दिसलंच नसेल. बातमी दुसऱ्या वाटेनं पोहोचली. पत्राच्या सुरुवातीला पौल सांगतो की तुमच्यातले तट मला ख्लोवेच्या माणसांकडून कळले. ‘ख्लोवेची माणसं’ म्हणजे बहुधा तिच्या घरातले गुलाम किंवा तिचा व्यापार सांभाळणारी माणसं. जेवणाची बातमी त्यांनीच दिली असं पत्र म्हणत नाही. पण आतल्या खोलीतून दिसत नव्हतं ते चौकातून दिसत होतं, एवढं तर खरं.

पौलाचा निकाल

तो यजमानांची नावं घेत नाही. जेवण बंदही करत नाही. नियमावली देत नाही, ‘बाकीचं मी आल्यावर मार्गी लावीन’ एवढंच. त्याऐवजी तो एका रात्रीची आठवण सांगतो : ज्या रात्री येशूला धरून देण्यात आलं त्या रात्रीची. भाकर मोडली ती कोणासाठी, हे एकदा नीट ऐका आणि मग आपल्या ताटाकडे बघा, असा त्याचा रोख आहे.

मग तो ‘शरीर न ओळखता’ खाणाऱ्याला दोष देतो. हे शरीर कोणतं? अनेक शतकं ते भाकरीतलं ख्रिस्ताचं शरीर असं वाचलं गेलं, आणि लोक स्वतःच्या पापांचा हिशेब करत एकेकटे वेदीपुढे गेले. पण लगेच पुढच्या अध्यायात पौल शरीर म्हणजे मंडळी असं सविस्तर मांडतो. शरीराचं हे रूपक रोमनांना पाठ होतं. इ.स.पू. ४९४ मध्ये रोमची सामान्य जनता रुसून शहराबाहेर गेली, तेव्हा मेनेनियस अग्रिप्पानं पोट आणि हातपाय यांची गोष्ट सांगून तिला परत आणल्याची कथा रोमन इतिहासकार लिव्ही देतो. तात्पर्य असं, की हातपायांनी कुरकुर न करता पोटाला पोसावं. पौल तीच गोष्ट उलटी करतो. जे अवयव दुबळे वाटतात तेच जास्त गरजेचे, त्यांनाच जास्त मान द्यायचा. करिंथच्या आतल्या खोलीत हे वाचलं गेलं असेल तेव्हा काही जणांनी नक्कीच आसनावर कूस बदलली असेल.

तुमच्यात पुष्कळ जण आजारी आहेत, काही मेलेही, त्याचं कारण हेच, असंही तो म्हणतो. हे वचन मला जड जातं आणि मी ते सजवून सांगणार नाही.

निकालाचं शेवटचं कलम : भूक लागली असेल तर घरी खाऊन या. इथे पौल मला माघार घेताना दिसतो. ज्याच्या घरी आहे त्यानं घरी खावं हे ठीक. ज्याच्या घरी नाही, त्यानं काय करावं? मंडळीत तरी तो अपमान सोसणार नाही, पण भूक त्याच्याबरोबर घरी जाणार. थाइसेन याला प्रेमाची पितृसत्ता म्हणतो : दर्जा तसाच ठेवायचा, फक्त त्याची धार बोथट करायची. टीका बोचरी आहे, पण अन्यायाची नाही. पौलाच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की याच पत्राच्या सोळाव्या अध्यायात तो दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या कमाईप्रमाणे काही बाजूला काढायला सांगतो. ती वर्गणी यरुशलेमच्या गरिबांसाठी. समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाचं ताट भरायची सवय लागली, तर चौकातल्याचंही दिसेल, असा त्याचा हिशेब असावा.

पुढे काय झालं

दोन-तीन वर्षांनी पौल पुन्हा करिंथला होता आणि तिथूनच त्यानं रोमकरांस पत्र लिहिलं. त्यात दोन ओझरत्या नोंदी आहेत. अखयाच्या लोकांनी यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी आनंदानं दिली. आणि गायस हा ‘माझा आणि सगळ्या मंडळीचा’ पाहुणचार करणारा. सगळी मंडळी एका घरी जमत होती, म्हणजे प्रकरण फुटीपर्यंत गेलं नाही. त्याच पत्रात किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी हिची शिफारस आहे. बंदरावर तोवर दुसरी मंडळी उभी राहिली होती.

स्वभाव मात्र गेला नाही. ९६च्या सुमाराला रोमच्या मंडळीला करिंथला लांबलचक पत्र पाठवावं लागलं, कारण काहींनी आपल्या वडीलमंडळींना पदावरून उतरवलं होतं. रोमच्या मंडळीतला पुढारी क्लेमेंट याच्या नावानं ओळखलं जाणारं पत्र ते हेच.

जेवण आणि विधी हळूहळू वेगळे झाले. याचं सगळं श्रेय किंवा दोष पौलाच्या ‘घरी खाऊन या’ला देणं जास्तीचं होईल. ११२च्या आसपास बिथुनिया या रोमन प्रांताच्या अधिपतीनं ख्रिस्ती लोकांची चौकशी करून त्रायान कैसराला कळवलं, की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेतात, पांगतात आणि पुन्हा जमून जेवतात. जेवण साधं आणि निरुपद्रवी. संघटनांवरच्या बंदीनंतर तेही त्यांनी सोडलं. हा अधिपती म्हणजे तीन प्रतींच्या द्राक्षारसावर नाराज झालेला तोच धाकटा प्लिनी. माहिती काढायला त्यानं दोन दासींचा छळ केला. त्यांना मंडळीत ‘सेविका’ म्हणत, हे त्यानं स्वतःच नोंदवलंय. दासीला पद देणारी पंगत आपल्यासमोर आहे, हे त्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

मग १५०च्या दशकात रोममध्ये जस्टिन हा ख्रिस्ती लेखक रविवारच्या सभेचं वर्णन करतो. वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर, पाणी घातलेला द्राक्षारस. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक त्यांच्या घरी नेऊन देतात. ऐपत असलेले स्वखुशीनं देतात, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे यांची सोय होते. उशिरा येणाऱ्या हमालाचा प्रश्न इथे सुटलेला दिसतो : तो पोहोचला नाही तर त्याचा वाटा त्याच्याकडे जातो.

करिंथचं नाव यानंतर १७०च्या सुमाराला पुन्हा येतं. तिथला बिशप डायोनिसियस रोमला लिहितो आणि चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसनं त्या पत्रातला मजकूर जपून ठेवलाय. तुम्ही गावोगावच्या मंडळ्यांना मदत पाठवता, खाणीत सक्तीनं राबणाऱ्या बांधवांपर्यंत ती पोहोचते, म्हणून तो आभार मानतो. आणि कळवतो की आज आम्ही प्रभूचा दिवस पाळला आणि तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं. क्लेमेंटच्या हातून आलेलं ते जुनं, कानउघाडणीचं पत्रही आम्ही अजून वाचतो.